बेल म्हंजे येल

तुमी गेलात, हेसुद्धा मला दुसऱ्यानंच वाचून दाखवलं.

वैशाखातली सकाळ होती. मी परसात गोवऱ्या थापत होते. किसनभावजी हातात कार्ड घेऊन आले आन् नेहमीसारखे ओट्यावर बसले. त्यांच्या आई, आपल्या थोरल्या काकी, नेहमीसारख्या आधीच येऊन बसल्या होत्या. तुमचं कार्ड आलं की त्यांना वासच येतो. भावजींनी आख्खं कार्ड मनातच वाचून काढलं. काकी म्हणल्या, "वाच की रं, काय म्हनायलाय त्यो?" भावजींनी कार्ड तिथंच मधोमध फाडलं. अशुभाचं पत्र घरात ठेवत न्हाईत, वाचलं की फाडायचं, हे मला ठाऊक हाय. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं. मुदतीचा ताप, कचेरीतल्या माणसांनी लय धावपळ केली, अग्नी देऊन पाच दिवस झाले, हे सगळं मग सांगितलं. तेलंगणातलं ते गाव मी कधी बघितलं न्हाई. तिथल्या मातीत तुमी गेलात आन् मी इकडं पेडगावात पाच दिवस कुंकू लावून हिंडत होते.

हे मी माझ्या हातानं लिहायलेय. कोणाला सांगून लिहून घेतलेलं न्हाई. माझ्या बापानं सेलूला दुकानाच्या ओट्यावर बसवून मला धूळपाटीवर बाराखडी शिकवली होती, पोथी वाचण्यापुरती. लग्नात ते ऐकून तुमच्या घरच्यांनी नाकं मुरडली. वाचणारी सून घरात आणली तर पुढं काय काय वाचंल, म्हणल्या काकी. तुमी तेवढे खूश झालात. "बरं झालं," म्हणालात, "लांब बदली झाली तर तुला पत्र पाठवता येतील." लग्नाला पंधरा वरसं झाली. बदल्या चार झाल्या. कार्डं आली असतील शंभर. मला वाचता येईल असं त्यातलं एकबी न्हाई.

तुमी शिकलात परभणीला, उर्दू शाळेत. निजामाच्या मोगलाईत कचेरी उर्दूत, हुकूम उर्दूत, अर्ज उर्दूत. कचेरीत कागद लिहिणाऱ्या अहलकाराची नोकरी लागली ती तुमच्या अक्षरावर लागली, हे मी हजारदा ऐकलंय. तुमचं उर्दू खुशखत, मोत्याच्या दाण्यावानी. साहेब लोक कागद वर धरून बघायचे म्हणे. आन् मराठी? मराठी वाचायला यायचं, बोलायचात तर घरात मराठीच. पण लिहायला घेतलं की कोंबडीनं राख उकरल्यावानी. एकदा वाण्याला यादी लिहून दिलीत, तर त्यानं गुळाच्या जागी गहू पाठवले. तवापासून लेखणीला मराठी लावायची न्हाई, असं तुमी ठरवलंत. मला पत्र आलं की ते किसनभावजींनी मराठीत उलथा करून सांगायचं. ते उर्दू चौथीपर्यंत शिकलेले. अडखळत अडखळत वाचायचे, मधीच घाम पुसायचे.

पहिल्याच वर्षी तुमी लिहिलंत, "मेरा ख़त मिला?" भावजींनी सांगितलं, "दादा इचारायलाय, खत मिळालं का?" मी आतून म्हणलं, "उकिरडा भरून हाय म्हणावं, पाठवायचं कामून?" ओटा हसला. पुढच्या कार्डात तुमीबी हसल्याचं लिहिलं होतं, तेवढं भावजींनी वाचलं. तवा मला गंमत वाटली होती. माणसाला एकदा ठेच लागल्यावर कळायला पाहिजे की बाबा, आपल्या अन् त्यांच्या बोलीत सारखे दिसणारे शब्द हायत, जपून लिहावं. तुमाला न्हाई कळलं. तुमाला तुमचं अक्षर दिसायचं फक्त.

वालाच्या येलाचं मात्र तुमाला सगळं कळायचं. ते मी नाकारत न्हाई.

आत्याबाईंनी, तुमच्या आईंनी, माहेराहून आणलेला तो जांभळा वाल. फूल जांभळं, शेंगेची कड जांभळी, बी काळंभोर आन् त्याला पांढरी रेघ. पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाकडं न्हाई. आत्याबाई गेल्या तवा दागिना म्हणावा असं काही मागं राहिलं न्हाई, परसातल्या लांबच्या कुडावर तो येल तेवढा राहिला. तुमी रजेवर आलात की आधी कपडे बदलायचात, मग पाणीसुद्धा न पिता परसात. मेढी रोवायच्या, वर तुराट्या टाकायच्या, अंबाडीच्या सुतळीनं बांधायच्या. दाराशी निळी गोकर्ण लावलीत, तीबी तुमीच. मी म्हणलं, "खायला येत न्हाई, शिजत न्हाई, कशाला जागा अडवायची?" तर म्हणालात, "सगळंच काय पोटात घालायचं असतंय व्हय?" त्या गोकर्णीवरून आपलं दोन दिवस वाजलं होतं. मग मीच रोज सकाळी तिची फुलं देवाला वाहायला लागले, आन् तुमी ते बघून काही बोलला न्हाईत. त्याबद्दल बरं वाटलं होतं मला.

एकदा वालाचा शेंडा मी तुराटीला गुंडाळला. दुसऱ्या दिवशी बघते तर सुटून लोंबायलेला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. तुमी माझं बोट धरलंत आन् शेंड्यासंगं तुराटीभोवती फिरवलंत. "याची एकच वळायची दिशा असती. उलटं गुंडाळलं तर ऐकत न्हाई." मी म्हणलं, "तुमच्या उर्दूवानीच हाय की, सगळ्या जगाच्या उलटं." काकी तुळशीपाशी होत्या, म्हणून तुमी बोट लगेच सोडलंत. पंधरा वरसांत दिवसाउजेडी तुमी माझा हात धरला तो तेवढाच.

आता त्या कार्डाचं.

सहा वरसं झाली. संक्रांत होऊन गेली होती. तुमी सुट्टी संपवून गेलात आन् पंधरा दिवसांत कार्ड आलं. भावजींनी वाचलं, "बेल को रोज़ पानी देना, भूलना मत." मग मराठीत म्हणले, "वहिनी, बेलाला रोज पाणी घालायचं, इसरायचं न्हाई, असं म्हनायलाय दादा." त्यांनाबी वावगं वाटलं न्हाई. बेल हा शब्द आपलाच दिसला, त्याचा उलथा काय करायचा? काकी लगेच म्हणल्या, "नवस बोलला असंल पोरगं. महादेवाला. लेकरासाठी."

लग्नाला तवा नऊ वरसं झाली होती. दोनदा दिवस गेले आन् दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. तुमी त्याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलला न्हाईत. पहिल्यांदा कचेरीत होता, दुसऱ्यांदा घरी होता तर मांडवाच्या मेढी बदलत बसलात. मला वाटायचं, या माणसाला काही वाटतच न्हाई. आन् मग हे कार्ड. मी दाराआड उभी होते, डोक्यावरचा पदर तोंडात धरला आन् ढसाढसा रडले. तुमी तोंडानं बोलत न्हाई, पण तिकडं परमुलखात बसून माझ्यासाठी, आपल्या लेकरासाठी नवस बोललात, असं समजले मी. इतकं सुख मला लग्नात झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. गावाबाहेर महादेवापाशी बेलाचं झाड हाय, तिथवर अनवाणी. कळशी भरून, न बोलता, रोज. माघ सरला, फाल्गुन आला, आडाचं पाणी खाली गेलं. एक कळशी भरायला दोरावर दोर जोडावा लागायचा. परसातला येल पिवळा पडायलाय हे मला दिसत होतं. मी आंधळी न्हाई. सगळ्यांचे वाल संक्रांतीनंतर वाळतेतच. आदल्या सालापर्यंत आत्याबाई तो एक येल न्हाणीच्या पाण्यावर उन्हाळाभर जगवायच्या, दुसऱ्या साली त्यालाच पुन्हा फुटवा यायचा, हे तुमाला ठाऊक होतं, मला कोणी सांगितलं? आन् खरं सांगू? सांगितलं असतं तरी कळशी एकच होती. मी मनात म्हणायचे, येलाचं काय, त्याचं बी काढून ठेवता येतंय. तीन शेंगा चांगल्या वाळलेल्या होत्या, त्या खुडून बी काढलं. अकरा दाणे निघाले. राखेत घोळून बोळक्यात भरले, बोळकं उतरंडीत ठेवलं. तुमी आलात की देऊ म्हणलं.

शिमग्याला तुमी आलात. कपडे बदलून परसात गेलात आन् तसेच मागं आलात. "येल कसा वाळला? लिहिलं होतं ना मी, पाणी घाल म्हणून?"

मी म्हणलं, "घातलं की रोज. एक दिवस चुकवला न्हाई."

"कुठं घातलंस?"

"बेलाला. महादेवाच्या."

तुमी माझ्याकडं बघत राहिलात, आन् मग हसायला लागलात. "अगं येडे, बेल म्हंजे येल! उर्दूत येलाला बेल म्हनतेत! आपला वालाचा येल!" हसता हसता तुमाला ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं. मला वाटलं, आता विचारतील, मग तुला काय वाटलं गं, बेलाला कशापायी पाणी घालायला लावलं असंल मी? एवढं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तुमी चपला घातल्या आन् चावडीवर गेलात.

चावडीवर काय झालं ते मला घरात बसून ऐकू आलं. सगळं गाव हसायलेलं ऐकू आलं. "आमच्या मंडळींनी दीड महिना महादेवाला आंघोळ घातली!" हा तुमचा आवाज. दुसऱ्या दिवशी आडावर बाया म्हणायला लागल्या, "काय बेलवाल्या बाई, आज कोणत्या झाडाचा नंबर?" काकी तर म्हणल्या, "मी कुठं म्हणलं नवसाचं? हिचीच आकल." अहो, आपल्या माणसानं चारचौघांत हसं केल्यावर बाईला जागा कुठली राहती? परक्यानं केलं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या.

संध्याकाळी तुमी परसात जाऊन बसलात. वाळलेल्या येलाचा एकेक वेढा तुराट्यांवरून सोडवत होता. तवा हसत नव्हता. मी दारात उभी होते. तुमी मागं न बघता म्हणालात, "आईचं एवढंच राहिलं होतं. बी तरी धरलंवतंस का गं?"

उतरंड माझ्या पाठीमागं चार पावलांवर होती.

"न्हाई," मी म्हणलं. "शेंगा शेळीनं खाल्ल्या."

हे मी तुमाला आज पहिल्यांदा सांगायलेय. तुमी मानलंत. शेळीला एक शिवीसुद्धा घातली न्हाई. पुढं सहा वरसं तुमी ते बी हुडकत फिरलात. परभणीचा बाजार, देवगावचा बाजार, जिंतूरकडचे पाहुणे, तुमच्या आईच्या माहेरचे सगळे. कोणी मूठभर काळं बी आणून दाखवलं की तुमी उजेडात धरायचात, पांढरी रेघ बघायचात, आन् "ते न्हाई हे" म्हणून परत द्यायचात. मी भाकरी थापत बसायचे. माझ्या तोंडावर रेघ हलली न्हाई कधी. मी कठोर हाय, असं काकी म्हणत्यात. खरंच म्हणत्यात.

पण मी देणार होते. मला फक्त एक पाहिजे होतं. दुसऱ्या वर्षी मी तुमाला म्हणलंसुद्धा, "एक पत्र मराठीत लिवा मला. माझ्या नावानं. मला वाचता येतंय." तुमी दाढी करत होता. आरशातून बघून म्हणालात, "माझं मराठी अक्षर बघून हसशील तू." हसायचं भ्या तुमाला! सगळ्या गावापुढं मला उघडी पाडली तवा तुमाला हसण्याचं भ्या वाटलं नव्हतं. मी म्हणलं, "न्हाई हसत. देवाशप्पथ." तर म्हणालात, "बघू."

ते 'बघू' मी उतरंडीत ठेवलं, बोळक्याशेजारी. दर मिरगाला मी बोळकं खाली काढायचे, हलवून बघायचे, आत बी वाजायचं, पुन्हा वर ठेवायचे. म्हणायचे, या पावसाळ्यात कार्ड आलं मराठीत तर बी देते. वालाचं बी दोन पावसाळे दम धरतं, तिसरा धरला तर नशीब. हे काय मला ठाऊक नव्हतं? मी शेतकऱ्याच्या घरात नांदलेय. तिसरा पावसाळा गेला, चौथा गेला. कार्डं येत होती, उर्दूत. भावजी वाचायचे, "इथं सगळं ठीक, तबियत ठीक, मांडवाच्या मेढी बघा." वाचून झालं की मी कार्ड चुलीत घालायचे. एक ठेवलं न्हाई. ज्यातलं अक्षर आपल्याला वळखत न्हाई ते ठेवून करायचं काय?

असं न्हाई की तुमी वाईटच होता. काकींनी तुमच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता, जेवताना, मी वाढत असताना. तुमी ताटावरून उठलात. हात धुतला आन् म्हणालात, "पुन्हा हे बोलायचं असंल तर मी या घरात यायचा न्हाई." काकी सहा महिने तुमच्याशी बोलल्या न्हाईत. मी त्या दिवशी तुमचं उष्टं ताट घेऊन चुलीपाशी बसले आन् तुमी टाकलेली भाकरी खाल्ली. तवा उठून बी आणून तुमच्या हातात द्यावं, असं आलं होतं मनात. बोळक्यापर्यंत गेलेबी होते. पण तुमी ओट्यावर बसून कोण्या पाहुण्याला तीच बेलाची गोष्ट सांगायला लागलात, हसत. मी माघारी आले.

आता किसनभावजींचं ऐका. तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले. मी त्यांना म्हणलं, "भावजी, फाडलेल्या कार्डात शेवटी काय होतं? तुमी सगळं सांगितलं न्हाई." ते खांबाला टेकून बसले होते. म्हणले, "त्या कार्डात काय न्हाई वहिनी. पण दादाच्या कार्डांत असायचं."

"काय असायचं?"

"खाली दोन-चार ओळी असायच्या. तुमच्यासाठी. 'भाभी को कहना' असं लिवून."

"मग?"

"मी वाचल्या न्हाईत."

ते मान खाली घालून म्हणले, "आई बसलेली असायची ना हितं. शेजारच्या बाया असायच्या. दादा लिवून जायचा, पण म्या कसं वाचायचं वहिनी, तसलं, समद्यांसमोर? मला लाज वाटायची."

"तसलं म्हंजे कसलं?"

"असंच. काहीबाही."

"भावजी, काहीबाही म्हंजे काय?"

"आता कसं आठवंल? याद येती, असं काहीतरी. तब्येतीला जप. अन्..." त्यांनी घाम पुसला. "अन् एक दरवेळी असायचं. जवाबाची वाट बघायलोय, असं."

दरवेळी. शंभर कार्डं. आन् जवाब कोण लिहायचं? भावजीच लिहायचे, उर्दूत. "इकडे सर्व खुशाल, बैल बरा आहे." तुमी तिकडं ते वाचत बसत असाल. बाईनं काही सांगितलं न्हाई, बैलाचं तेवढं कळवलं. मागच्या दिवाळीला तुमी मला विचारलं होतंत, "किसन सगळं वाचून दाखवतो ना तुला?" मी म्हणलं, "दाखवतेत की. मेढी बघा म्हणून." तुमी माझ्याकडं जे बघितलंत, त्याचा अर्थ मला आता लागायलाय.

मी भावजींवर ओरडले. काकी आतून धावत आल्या. मी म्हणलं, "माझा निरोप तुमच्या लाजेपायी गिळलात व्हय?" ते रडायला लागले. मिशा असलेला बाप्या गडी, तीन लेकरांचा बाप. काकी म्हणल्या, "अगं, त्याचं काय चुकलं? मोठ्यांपुढं असलं वाचतेत व्हय कोणी?" आन् खरं सांगते, त्यांचंबी चुकलं न्हाई. तेच तर जाळायलंय मला. ओट्यावर बसून दिराला वाचायला येणार न्हाई असलं तुमी लिहिलंत, आन् ते वाचायला दिराच्याच हातात दिलंत. तुमाला आपला ओटा ठाऊक नव्हता? तुमची काकी ठाऊक नव्हती?

मिरग निघाला. मी उतरंडीतलं बोळकं काढलं. अकरा दाणे, एकालाही भोक न्हाई, काळेभोर, पांढरी रेघ जशीच्या तशी. आधी कोमट पाण्यात भिजवले. लांबच्या कुडापाशी माती उकरली, शेणखत घातलं, बोटाच्या दोन पेरांवर एकेक लावला. मेढी मीच रोवल्या. विधवा बाई मेढी रोवायली म्हणून काकी कपाळाला हात लावून बसल्या. रोज कळशी घातली, त्याच कुडाला. पाच दिवसांत वाल उगवतो. आठ झाले. बारा झाले. तेराव्या दिवशी मी बोटानं माती बाजूला सारली. पहिला मऊ झालेला, दाबला तर आतलं पांढरं बाहेर आलं, वास मारायलेलं. दुसरा तसाच. एकेक करून अकराही काढले. एकाला जरासक मोड आल्यावानी दिसला म्हणून हातात घेतला, ती माती चिकटलेली होती. कुडाच्या पलीकडनं शेजारीण म्हणली, "काय पेरलंवतं वहिनी?" मी म्हणलं, "सासूबाईंचा वाल." पहिल्यांदा खरं बोलले. ती म्हणली, "अगंबाई, त्याचं बी हुतं तुमच्याकडं? दादा तर हुडकून हुडकून थकले." मी तिथंच मातीत बसले.

किसनभावजी आता रोज येऊन सांगतेत की हे राज्य जाणार, मोगलाई बुडणार, मग कचेऱ्या, शाळा, कार्डं सगळं मराठीत होईल. होऊ दे. त्या मराठीत मला कोण लिहिणार हाय?

लोक म्हणतेत, गेलेल्या माणसाला माफी मागावी, मन हलकं होतं. बी लपवलं ते माझं चुकलं. तुमच्या आईचा येल माझ्या हातानं संपला. ते मी मान्य केलं, लिहून दिलं. पण दुसरं मी मान्य करणार न्हाई. तुमी मेलात म्हणून मी हे भांडण सोडणार न्हाई. खुशखत नसतं तरी चाललं असतं मला. गुळाचे गहू झाले असते तरी चाललं असतं. वाकडंतिकडं, काना-मात्रा सोडून, कोंबडीच्या पायानं का असंना, दोन ओळी मराठीत लिहायच्या होत्या. मला वाचता येत होतं हो.